पावसात बंद पडणारी जुनी मोटरसायकल: इग्निशन-कटचं वायरिंग कसं तपासावं

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की दहा-पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांची एकच तक्रार सुरू होते. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेली गाडी सकाळी किक मारून मारून दमवते. टाकीत पेट्रोल आहे, प्लग नवा आहे, कार्ब्युरेटर नुकताच साफ केलाय. दुपारी दोन तास ऊन पडतं आणि तीच गाडी पहिल्या किकला सुरू होते. अशी गाडी समोर असेल तर सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) यांवर पैसे घालू नका. आधी इंजिन बंद करण्यासाठी दिलेलं वायरिंग तपासा. म्हणजे चावीचा स्विच, हँडलवरचा किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लच आणि न्यूट्रलचे स्विच, आणि या सगळ्यांच्या तारा जोडणारे प्लास्टिकचे कपलर. प्लगचा करंट तोडणं हेच या वायरिंगचं काम. ते बिघडलं की आपण न सांगताच तोडतं.

गोव्यात हा बिघाड इतका दिसतो त्याचं कारण मीठ. मिरामार, वास्को, कळंगुट, हरमल या पट्ट्यात वाऱ्याबरोबर येणारं मीठ स्विचच्या आत बारीक थर धरून बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं. त्यामुळे पाऊस पडायलाच हवा असं नाही. रात्रभर अंगणात झाकून ठेवलेल्या गाडीचा किल स्विचही सकाळी आतून ओला असू शकतो. डिचोली, सत्तरी, सांगे या बाजूला मिठाऐवजी तांबडा चिखल असतो. तो साइड स्टँडच्या सांध्यात शिरून घट्ट बसतो. आणि रायबंदरहून चोडणला रोज फेरीबोटीने जाणाऱ्याच्या गाडीला धक्क्याच्या उतारावर दोन्ही गोष्टी मिळतात: खालून खारं पाणी, वरून चिखल.

आधी ठरवा: गाडी अर्थ होऊन बंद होते की करंट तुटून

इथे घोटाळा झाला तर पुढचं सगळं तपासणं उलटं होतं, म्हणून यावर वेळ घाला.

जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायच्या दोन पद्धती आहेत. पहिली मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर, चालणाऱ्या गाड्यांची. यामाहा आरएक्स १०० हे ओळखीचं उदाहरण. तिथे इग्निशनला बॅटरी लागतच नाही. मॅग्नेटोची कॉइल सीडीआयला करंट देते. गाडी बंद करायची म्हणजे सीडीआयमधून निघालेली एक तार बॉडीला टेकवायची. करंट अर्थमध्ये जातो, ठिणगी मरते. या पद्धतीत गाडी चालू असताना किल स्विचचे काँटॅक्ट उघडे असतात, बंद करताना जुळतात.

दुसरी पद्धत बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनची. पॉइंटवाली (इंजिनबरोबर उघडझाप करणाऱ्या काँटॅक्टवर ठिणगी देणारी) १२ व्होल्टची जुनी बुलेट यात येते, आणि होंडा सीबीआर २५०आर (२०११) किंवा केटीएम २०० ड्यूक (२०१२) यांसारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्याही येतात. इथे बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, चावी आणि जिथे असेल तिथे किल स्विच, अशा वाटेने कॉइलला किंवा ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला) पोचतो. गाडी बंद करायची म्हणजे ही वाट तोडायची. चालू असताना काँटॅक्ट जुळलेले, बंद करताना उघडे.

म्हणून एकच ओल आणि एकच गंज दोन गाड्यांत उलटी लक्षणं दाखवतात. पहिल्या प्रकारात स्विच ओला झाला की करंट ओलीतून अर्थमध्ये पाझरतो आणि गाडी सुरू होत नाही. स्विच गंजला तर गाडी चालते, पण बंद होत नाही. दुसऱ्या प्रकारात थोडीशी ओल लगेच त्रास देत नाही. गंज मात्र कॉइलला पुरेसा व्होल्टेज पोचू देत नाही, गाडी मिसिंग मारते, खड्ड्यात दचकते आणि एक दिवस रस्त्यातच उभी राहते.

आपली गाडी कोणत्या प्रकारची हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. हेडलाइटच्या मागे किल स्विचचा कपलर शोधा, तो सोडवा, चावी लावा आणि प्लगची ठिणगी बघा. कपलर सुटलेला असताना ठिणगी येते, तर गाडी अर्थ होऊन बंद होणारी. कपलर सोडल्यावर ठिणगी गेली, तर करंट तुटून बंद होणारी. बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही जी गाडी किकवर सुरू होते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची. काही गाड्यांत सीडीआय बॅटरीवर चालतो पण बंद करायची तार अर्थ होणारी असते. कपलरची चाचणी तिथेही बरोबर उत्तर देते, फक्त नंतर दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं.

ठिणगी बघताना प्लगची बॉडी हेडला घट्ट टेकलेली हवी. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर सीडीआयच जाऊ शकतो. प्लगचं भोक दुसऱ्या प्लगने बंद करा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

रंगांचा फसवा खेळ

काळ्या तारेवर पांढरी रेघ दिसली की तीच बंद करायची तार, असं धरून अनेकजण ती कापून मोकळे होतात. होंडा आणि यामाहाच्या मॅग्नेटो-सीडीआयवाल्या गाड्यांत ते खरं आहे. सुझुकीत मात्र काळी-पांढरी म्हणजे सरळ अर्थ. आणि होंडाच्याच बॅटरी-इग्निशनवाल्या गाड्यांत काळी-पांढरी तार किल स्विचमधून कॉइलला १२ व्होल्ट घेऊन जाते. ती बॉडीला टेकवली तर फ्यूज उडतो. अर्थचा रंगही कंपनीगणिक बदलतो. होंडात हिरवा, यामाहात काळा, कावासाकीत काळ्यावर पिवळी रेघ. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या वायरिंगला मधे कोणीतरी हात लावलेला असतोच, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधा, पण निर्णय मीटरने घ्या.

लागणारं सामान

साधा डिजिटल मल्टीमीटर. १२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब, होल्डरमध्ये बसवलेला, दोन लांब तारांसह. ५ अँपिअरचा फ्यूज मधे घातलेली एक जंपर तार, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे. ६०० नंबरचा पॉलिश पेपर. डायइलेक्ट्रिक ग्रीस. पाण्याची फवारणी करायची बाटली, कुंडीतल्या झाडांना वापरतो ती.

बल्ब कशासाठी, मीटर आहे ना? मीटर जवळजवळ करंट खातच नाही. तारेचे वीसपैकी एकोणीस धागे तुटले असतील आणि एकच शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. एक धागा तेवढा भार पेलत नाही आणि बल्ब मंद होतो. ईसीयूच्या सेन्सरच्या तारांना मात्र हा बल्ब कधीही लावू नका. तो फक्त जाड फीडच्या तारांसाठी आहे.

पहिला प्रकार: अर्थ होऊन बंद होणारी गाडी

सीडीआयच्या कपलरमधून बंद करायची तार सोडवा. फक्त तीच. पिन मागून बारीक सुईने दाबून बाहेर काढता येते. कापायची गरज नाही. आता किक मारा. ठिणगी परत आली तर सीडीआय, कॉइल, मॅग्नेटो सगळं ठीक आहे आणि दोष या तारेत किंवा तिच्यावरच्या स्विचमध्ये आहे. ठिणगी आलीच नाही तर हा लेख बाजूला ठेवून मॅग्नेटोकडे वळा.

किक मारताना सीडीआयच्या उघड्या तारांना हात लावू नका. मॅग्नेटोची कॉइल शे-दोनशे व्होल्टच्या वरचा करंट देते आणि झटका जोराचा बसतो. दुसरी गोष्ट, ही तार सोडल्यावर चावीने गाडी बंद होणार नाही. ब्रेक दाबून, टॉपच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून ती बंद करावी लागते. हे आधी मनात ठरवून मगच किक मारा.

आता सुटलेल्या तारेचं टोक आणि बॉडी यांमध्ये मीटर लावा. चावी ऑन, किल स्विच रन वर. मीटरने काहीच दाखवता कामा नये, म्हणजे रीडिंग अनंत. चावी ऑफ केली की जवळजवळ शून्य, १ ओहमच्या आत.

इथे एक चूक वारंवार होते. मीटर बझरवर (तार जोडलेली असेल तर आवाज देणाऱ्या रेंजवर) ठेवून तपासतात, बझर वाजत नाही आणि "तार ठीक आहे" असं ठरवतात. बझर साधारण ५० ओहमच्या आतच वाजतो. ओल्या स्विचमधून होणारी गळती दहा-वीस हजार ओहमची असते. बझर तिथे गप्पच राहणार. पण सीडीआयच्या त्या उच्च व्होल्टेजला तेवढी वाट पुरते. म्हणून मीटर २ मेगाओहमच्या रेंजवर ठेवा. चावी ऑन असताना आकडा हलला, थरथरला, लाखाच्या खाली आला, तर गळती आहे.

गाडी आत्ता कोरडी असेल आणि रीडिंग साफ येत असेल तर दोष मुद्दाम जागा करावा लागतो. तार परत जोडा, गाडी सुरू करा आणि फवारणीच्या बाटलीने एकेका जागी पाणी मारा. आधी फक्त किल स्विचवर, मग एक मिनिट थांबून चावीच्या स्विचवर, मग हेडलाइटमागच्या कपलरांवर. एकदम सगळीकडे मारू नका. मग कुठे बंद पडली ते कळणार नाही. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर गळती लवकर सापडते, पण नंतर त्या जागा साध्या पाण्याने धुऊन, सुकवून घ्यायलाच हव्यात. हे करताना हाय टेन्शन लीडवर, म्हणजे कॉइलपासून प्लगला जाणाऱ्या जाड तारेवर, पाणी उडू देऊ नका. तिथून करंट बॉडीला उडाला तर तुम्ही चुकीच्याच स्विचला दोष द्याल.

फवारणीने काही झालं नाही तर गाडी आयडलवर ठेवून हँडल हळूहळू पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. एका टोकाला इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर वायरिंगचा झुबका स्टिअरिंगच्या मानेपाशी घासला गेलाय. बाहेरची काळी स्लीव्ह धड दिसते आणि आतल्या एका तारेचं प्लास्टिक फ्रेमच्या कडेवर सोललेलं असतं. स्लीव्ह किमान वीतभर चिरून बघितल्याशिवाय ते दिसत नाही.

किल स्विच उघडताना

दोन स्क्रू खालच्या बाजूने असतात. मिठाने ते जाम झालेले असतात आणि चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला की डोकं लगेच गुळगुळीत होतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल एकेक थेंब घालून ठेवा, सकाळी स्क्रूड्रायव्हर डोक्यावर ठेवून हलकेच दोन ठोके द्या आणि मग फिरवा. उघडण्याआधी स्विच आणि तुमचे हात दोन्ही एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आत दोन-तीन मिलिमीटरची एक गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. झाकण उचललं की ती उडते, आणि अंगणातल्या खडीत पडलेली गोळी सापडत नाही.

आत नीट बघा, उजेडात. तांब्याच्या पट्टीवर हिरवट-पांढरी भुकटी दिसेल, नखाने खरवडली तर पिठासारखी सुटते. पट्टीला जिथे तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेली असते तिथे तार हळूच ओढून बघा. हिरव्या भुकटीखाली जोड आधीच तुटलेला असतो आणि तार नुसती टेकून राहिलेली असते. प्लास्टिकवर दोन काँटॅक्टच्या मधे एक करडी, ओलसर रेघ दिसली तर तीच पावसात गाडी मारणारी वाट. मीठ आणि तांब्याचा गंज मिळून ती तयार होते.

नुसता काँटॅक्ट क्लीनर मारून मीठ जात नाही, कारण मीठ पाण्यात विरघळतं, स्पिरिटसारख्या द्रावणात फारसं नाही. म्हणून आधी कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करा, मग काँटॅक्ट क्लीनर. पट्टी पॉलिश पेपरच्या बारीक तुकड्याने दोनदा पुसा, तांबं चमकलं की थांबा. कानस लावू नका. पट्टी पातळ झाली की दाब कमी होतो आणि मग ती कायमचीच सैल बसते. पेट्रोलने धुवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. शेवटी डायइलेक्ट्रिक ग्रीस. हे ग्रीस करंट वाहून नेत नाही; ते पाणी अडवतं. काँटॅक्ट जुळताना ते स्वतःच बाजूला सरकतं. म्हणून पातळ थर पुरे, डबी रिकामी करू नका.

चावीच्या स्विचचंही हेच, फक्त तो खालून उघडतो आणि आतली पितळी चकती झिजलेली असेल तर साफ करून उपयोग नाही; नवाच बसवा. पणजीत, म्हापशात पिवळ्या-काळ्या मोटरसायकल टॅक्सी चालवणारे पायलट दिवसभरात कितीतरी वेळा चावी फिरवतात. अशा गाडीत किल स्विचच्या आधी चावीवर संशय घ्या. चावी ऑन असताना ती हलकेच डावी-उजवीकडे हलवली आणि इंजिन अडखळलं, तर उत्तर मिळालं.

दुसरा प्रकार: कॉइलपर्यंत व्होल्टेज पोचतो का

इथे तार जोडलेली आहे की नाही हा प्रश्न पुरेसा नाही. वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. समजा कॉइलचा प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट घेणारा वेढा, ४ ओहमचा आहे. १२ व्होल्टला ती ३ अँपिअर घेते. किल स्विचमध्ये गंजाने फक्त १ ओहम वाढला तर एकूण ५ ओहम होतात, करंट २.४ अँपिअरवर येतो आणि कॉइलला ९.६ व्होल्ट मिळतात. ठिणगीची ताकद करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे ती जवळजवळ एक तृतीयांश घटली. त्यात सेल्फ मारताना बॅटरीच १० व्होल्टवर उतरते. गाडी गरम असताना चालते, सकाळी सुरू होत नाही, याचं गणित हे आहे.

कॉइलची फीडची तार सोडवा, तिच्या टोकाला २१ वॅटचा बल्ब लावा, बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. चावी ऑन, किल स्विच रन. बल्ब पेटला. आता मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर धरून ठेवा आणि काळी पिन एकेका टप्प्यावर नेत जा: फ्यूजच्या पलीकडे, चावीच्या स्विचच्या पलीकडे, किल स्विचच्या पलीकडे, शेवटी बल्बच्या टोकावर. शेवटचा आकडा ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम. ०.५ पर्यंत चालवून घेता येतं. १ व्होल्ट किंवा जास्त असेल तर ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा एकदम उडी मारतो तिथेच दोष. हिरवं पडलेलं फ्यूजचं क्लिप इथे पुष्कळदा पकडलं जातं, आणि लोक मात्र फ्यूज "उडालेला नाही" एवढंच बघून पुढे जातात.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या अॅमीटरचा इथे चांगला उपयोग होतो. सगळे दिवे बंद, चावी ऑन, आणि किक हाताने सावकाश खाली दाबत न्या. पॉइंट जुळले की काटा डिस्चार्जकडे तीन-चार अँपिअर जातो, पॉइंट उघडले की परत येतो. काटा असा नियमित झुलतोय म्हणजे बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट सलग आहे. काटा शून्यावर बसून राहिला तर फीड तुटलेला आहे किंवा पॉइंट काळे पडलेत. डिस्चार्जवरच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कॉइलपासून पॉइंटला जाणारी तार बॉडीला लागलीय. पॉइंट जुळलेले असताना चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापून जळते.

अर्थची बाजूही याच बल्बने तपासा. बल्ब बॅटरीच्या प्लसवरून थेट इंजिनच्या केसिंगला लावा, आणि बॅटरीचा मायनस ते केसिंग मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट सोडवून फ्रेमवरचा रंग आणि गंज खरवडून परत आवळा.

साइड स्टँड, क्लच, न्यूट्रल

या तीन स्विचचा मेळ कळला की अर्धा दोष गाडीजवळ न वाकताच सापडतो. नियम असा: न्यूट्रलमध्ये स्टँड खाली असला तरी इंजिन चालतं. गिअरमध्ये स्टँड वर असलाच पाहिजे. सेल्फ मारायला न्यूट्रल हवं, नाहीतर क्लच दाबलेला आणि स्टँड वर हवा.

न्यूट्रलमध्ये छान चालते आणि स्टँड वर असूनही पहिला गिअर टाकताच मरते, तर साइड स्टँडचा स्विच. न्यूट्रलमध्ये सेल्फ लागतो, गिअरमध्ये क्लच दाबून लागत नाही, तर क्लचचा स्विच, आणि तो ठीक असेल तर परत स्टँडचा. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागत नाही आणि न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, तर न्यूट्रल स्विच किंवा त्याची तार; इंजिनच्या डाव्या बाजूला स्प्रॉकेटजवळ असेल तर चेनचं ग्रीस आणि माती आधी पुसा. गाडी गिअरमध्ये, स्टँड वर, आणि क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, तर या स्विचच्या तारांमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट आहे. हे शेवटचं लक्षण अगदी नेमकं असतं, पण त्याकडे कोणी बघत नाही.

साइड स्टँडचा स्विच स्टँडच्या सांध्यापाशीच असतो, म्हणजे पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल थेट त्यावर. दाबाने चालणाऱ्या स्विचमध्ये चिखल सुकून आतली दांडी अडकते. स्टँड वर गेला तरी दांडी बाहेर येत नाही. आधी पाण्याने भिजवा, ब्रशने मोकळं करा, मग स्टँड दहा-बारा वेळा वर-खाली करा. त्यानंतर कपलर सोडवून मीटर लावा. दोन तारांचा स्विच असेल तर स्टँड वर असताना १ ओहमच्या आत आणि खाली असताना अनंत, बहुतेक गाड्यांत असंच. काहींत उलटं असतं. महत्त्वाचं हे की दोन अवस्थांत रीडिंग स्वच्छ बदललं पाहिजे, आणि स्टँडला हाताने हिसके दिले तरी मधेच उडता कामा नये. स्टँडची स्प्रिंग ढिली असेल तर खड्ड्यात स्टँड बोटभर खाली येतो आणि स्विच करंट तोडतो. तिथे दोष स्विचचा नसून स्प्रिंगचा असतो. लोहचुंबकावर चालणाऱ्या तीन तारांच्या स्विचला बझरने पारखू नका, आत रेझिस्टन्स किंवा सेन्सर असू शकतो. तिथे स्टँडवरचं चुंबक जागेवर आहे का, त्यावर माती चिकटलीय का, एवढं बघून मग व्होल्टेज मोजा.

डायोड मीटरच्या डायोड रेंजवर तपासा: एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट्या दिशेने काही नाही. दोन्हीकडे आकडा आला तर शॉर्ट, कुठेच नाही तर ओपन. मूळ डायोड मिळाला नाही तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला चालतो, पण १एन४००७ घेऊ नका. तो १ अँपिअरचा आहे. स्टार्टर रिलेच्या कॉइलचा करंट याच डायोडमधून अर्थकडे जात असेल तर ४ ओहमच्या कॉइलला तो ३ अँपिअर होतो, आणि १एन४००७ थोड्या दिवसांत जळतो. ६ अँपिअरचा ६ए१० घ्या. त्यावरची रुपेरी पट्टी न्यूट्रल स्विचच्या बाजूला, दुसरं टोक स्टार्टर रिलेकडून येणाऱ्या तारेला.

ज्या गाड्यांत गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तिथे चिखलात घसरून पडल्यावर गाडी सुरू होत नाही म्हणून घाबरू नका. गाडी सरळ उभी करा, चावी ऑफ करून परत ऑन करा.

तार बदलताना

सोललेल्या तारेचं तांबं काळं दिसलं तर ते काळेपण प्लास्टिकच्या आतून बरंच मागे गेलेलं असतं. खारं पाणी तारेच्या धाग्यांमधून वर चढतं. चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापत या. काळ्या तांब्यावर डाग बसत नाही, बसल्यासारखा वाटतो. इग्निशनच्या फीडसाठी १ स्क्वेअर मिलिमीटरची, स्विचच्या सिग्नलसाठी ०.५ ची लवचिक ऑटो वायर वापरा. घरातल्या वायरिंगची एकेरी कडक तार थरथरीने तुटते. लग चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती काळी टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटते आणि चिकट थराखाली पाणी धरून ठेवते. डाग द्यायचाच असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तार फ्रेमला बांधा, कारण डाग संपतो तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते.

जुनी गाडी विकत घेताना साइड स्टँडच्या दोन तारा एकत्र पिळून टेप लावलेल्या बऱ्याचदा दिसतात. असं करून गाडी चालवणं धोक्याचं आहे. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि मागचं चाक उचलून देतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात हे किती भयंकर ठरेल ते वेगळं सांगायला नको. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतं फ्यूजवाल्या जंपरने दोन तारा जोडा, निघताना स्टँड पायाने चाचपून वर घ्या, आणि घरी पोचल्यावर जंपर काढा.

सगळं जोडून झालं की गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत. मेन स्टँड नसेल तर कोणाला तरी पुढून धरायला सांगा आणि गाडीसमोरची जागा मोकळी ठेवा. न्यूट्रलमध्ये सुरू करा. साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाडीत स्टँड खाली करा, इंजिन चालूच राहायला हवं. क्लच दाबून पहिला गिअर टाका. इंजिन मरायला हवं. स्टँड वर घ्या, क्लच दाबून परत सुरू करा, किल स्विच ऑफ करा, मग पुन्हा सुरू करून चावीने बंद करा. प्रत्येक वेळी लगेच बंद झालं पाहिजे, दोन-चार फेरे फिरून नाही. त्यानंतर फवारणीची बाटली घेऊन हीच फेरी ओल्या स्विचवर एकदा परत.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर ही तपासणी वर्षातून दोनदा करा, मे महिन्याच्या शेवटी आणि गणेश चवथ झाल्यावर. मधल्या काळात दर आठवड्याला स्विच आणि स्टँडचा सांधा साध्या नळाच्या पाण्याने, बारीक धारेने धुवा. प्रेशर पंपाची धार हँडलवरच्या स्विचवर मारू देऊ नका. सीलच्या आत गेलेलं पाणी तिथून बाहेर येत नाही.